कॉलेजचा बँड गावी आला, आता आवाज कसा बसवायचा: नव्या पोरापोरींसाठी पायरी पायरीनं

आमच्या बँडचा ड्रमसेट कॉलेजचा होता. दोन अँप कॉलेजचे, मिक्सर कॉलेजचा, प्रॅक्टिसची खोली कॉलेजची आणि समोर ओरडणारी पब्लिक पण कॉलेजचीच. फायनल इयर संपलं, दोघं पुण्याला नोकरीवर गेले, आम्ही तिघं यवतमाळ जिल्ह्यात आर्णी-दिग्रसच्या पट्ट्यात आपापल्या गावी आलो आणि पहिल्याच महिन्यात जे वाजवलं ते सगळं अर्धवट वाटायला लागलं. आम्हाला वाटलं हात गेला. हात गेला नव्हता, गाणी त्या सामानावर आणि त्या हॉलवर बसवलेली होती आणि तेच आता नव्हतं.

आता दर वर्षी जून-जुलैत कोणी ना कोणी फोन करतं, दादा कॉलेज संपलं, बँड सोडायचा नाही आहे पण गावात कसं करायचं. म्हणून एकदाचं सविस्तर लिहून राहिलो. माझं सांगणं एवढंच आहे की कॉलेजमधला आवाज उचलून गावात आणायला जाऊ नका, जे हातात उरलं आहे म्हणजे माणसं, वाद्यं, वेळ आणि आपली बोली, त्याच्यावर नवीन आवाज बसवा. खालचं सगळं हे कसं करायचं त्याबद्दल आहे, आणि ज्या क्रमानं लिहिलं त्याच क्रमानं करा, कारण आम्ही उलटं केलं आणि एक वर्ष गेलं.

पहिलं काम: कोण उरलं ते वहीत लिहा

फोनवर नाही, वहीत. प्रत्येकाचं नाव, तो आता कुठं आहे, महिन्यातून किती दिवस खरंच येऊ शकतो, आणि त्याच्या स्वतःच्या मालकीचं वाद्य कोणतं. मग तीन गट पाडा, गावात किंवा २५-३० किलोमीटरच्या आत राहणारे, महिन्यातून एकदा येणारे, आणि फक्त दिवाळी-होळीला येणारे. गाणं उभं करायचं ते फक्त पहिल्या गटावर. दुसऱ्या-तिसऱ्या गटातला माणूस कितीही भारी वाजवत असला तरी गाण्याचा खांब त्याच्या खांद्यावर देऊ नका, त्याला वरची नक्षी द्या. आमचा लीड गिटारवाला पुण्याला गेला आणि आम्ही चार महिने त्याच्या सोलोची जागा रिकामी ठेवून प्रॅक्टिस करत होतो. आता त्या जागी हार्मोनियम वाजते, तो आला की तिच्यावर अजून काहीतरी वाजवतो, नाही आला तरी गाणं पूर्ण असतं.

लांब राहून बँड टिकतच नाही असं कोणी म्हटलं तर मानू नका. इंग्लंडचा रेडिओहेड शाळेत असताना बनला, नंतर पोरं वेगवेगळ्या युनिव्हर्सिटीत गेली तरी सुटीत, शनिवार-रविवारी जमून वाजवत राहिली, आणि त्यांचा कंपनीशी करार झाला तो त्यानंतर म्हणजे १९९१ मध्ये. आपल्याकडं दिल्लीचा युफोरिया १९८८ च्या सुमारास मेडिकलच्या पोरांनी सुरू केला, आधी इंग्रजी रॉक वाजवायचे, मग हिंदीवर आले, सोबत तबला-ढोलक आले, आणि १९९८ च्या पहिल्या अल्बमनं लोकांना माहीत झाले. म्हणजे कॉलेजमधला आवाज आणि ओळख देणारा आवाज वेगळा असू शकतो, आणि मधात वर्षं जातात.

आणि एक, बँडमध्ये मुलगी असेल तर हे नीट वाचा. कॉलेज सुटल्यावर बँडमधून सगळ्यात आधी तीच गळते आणि बरेचदा तिचा आवाज हाच बँडचा आवाज असतो. रात्री नऊची प्रॅक्टिस ठेवली की तिच्या घरून नाही येणारच. प्रॅक्टिस रविवारी सकाळी ठेवा, दर तिसऱ्यांदा तिच्याच घरी ठेवा, तिच्या आई-बाबांना समोर बसवून ऐकवा. आमच्या गाणाऱ्या ताईच्या आईनं दोनदा ऐकलं आणि तिसऱ्यांदा स्वतःच भुलाबाईचं एक गाणं म्हणून दाखवलं, ते आज आमच्या प्रत्येक कार्यक्रमात आहे. लग्नानंतर ती वर्ध्याकडं गेली तर तिचा भाग रेकॉर्ड करून घेऊ असं आधीच ठरवून ठेवलं आहे, सोडायचा विषयच नाही.

दुसरं: एक साधा कागद

दोस्ती आहे तेव्हाच करा. बँडचं नाव कोणाचं, सामान कोणी घेतलं, कोणत्या गाण्याचे शब्द कोणाचे आणि चाल कोणाची, पैसे कसे वाटायचे, कोणी सोडून गेला तर जुनी गाणी वाजवायची की नाही. पाच-सात ओळी, सगळ्यांच्या सह्या, फोटो काढून प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये. पुढं नाव रजिस्टर करायचं झालं तर ट्रेडमार्कमध्ये मनोरंजनासाठी ४१ नंबरचा वर्ग आहे, एका माणसाच्या नावावर ऑनलाईन अर्जाला ४,५०० रुपये फी लागते. पहिल्या वर्षी त्याची घाई नाही. कागदाची आहे.

तिसरं: प्रॅक्टिसचं कॅलेंडर शेतीवर बसवा

कॉलेजात सेमिस्टर होतं, इथं हंगाम आहे. तुमच्यातला अर्धा बँड शेतात असणार किंवा घरच्यांना तुम्ही शेतात हवे असणार, हे भांडून सुटत नाही. मृग लागला की पेरणी, त्यात कोणाला बोलावू नका. जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली की तीन-तीन दिवस वावरात पाय टाकता येत नाही, तो नवीन गाणं लिहायचा खरा काळ, सगळे घरी असतात. सप्टेंबरच्या शेवटापासून सोयाबीनची सोंगणी, मग कापसाचा वेचा, या काळात फक्त बसवलेलं टिकवायचं, आठवड्यातून एक तास, नवीन काही नाही. मार्च ते मे संध्याकाळी वेळच वेळ असतो पण तेव्हा आपल्याकडं पारा ४५ च्या वर जातो, तर गिटार टिनाच्या शेडमध्ये किंवा उभ्या गाडीत ठेवू नका, गोंद ढिला होऊन ब्रिज म्हणजे तारा अडकवायची लाकडी पट्टी उचलते, एक गिटार अशीच गेली आमची. हवा कोरडी पडली की लाकूड आकसतं, म्हणून केसमध्ये भोकं पाडलेली साबणाची डबी, तिच्यात ओला करून पिळलेला कपडा, एवढं पुरतं.

प्रॅक्टिस दोन तासांच्या वर नको. प्रत्येक वेळी मोबाईल खोलीच्या मधात ठेवून सगळं रेकॉर्ड करा आणि पुढच्या वेळी सुरू करायच्या आधी दहा मिनिटं तेच ऐका. आम्हाला आमचा बदल कळला तो याच फाईली ऐकून, वाजवताना कळत नाही.

चौथं: आवाज कमी करा, मग ताल शोधा

इथं मी जरा थांबणार आहे कारण सगळं इथंच ठरतं.

कॉलेजमध्ये आपण स्पर्धेसाठी बसवतो. युवा महोत्सवाचं समूहगान म्हणजे सहा गाणारे, तीन वाजवणारे आणि दहा मिनिटं. त्या दहा मिनिटात परीक्षकाला सगळं दाखवायचं म्हणून सुरुवातच जोरात, मधात तीनदा ताल बदल, शेवटी धावपळ. गावात कार्यक्रम अडीच-तीन तासांचा असतो, समोर म्हाताऱ्या माणसांपासून कडेवरच्या लेकरापर्यंत सगळे असतात, ते उठून जात नाहीत पण त्यांना दम खायला जागा लागते. आम्ही आमचं स्पर्धेचं गाणं पहिल्यांदा गावात म्हटलं तेव्हा लोक शांत बसून होते, टाळ्या पण वाजवल्या, पण एकाचाही पाय हलला नाही.

तर पहिली कृती अशी: एक जुनं गाणं घ्या आणि एक एक वाद्य काढत जा. ड्रम काढा, की-बोर्ड काढा, डिस्टॉर्शन म्हणजे गिटारचा फाटका आवाज काढा. एक गिटार आणि एक गळा उरेपर्यंत काढा. आता ते गाणं उभं राहते का बघा. आमच्या नऊ गाण्यांपैकी तीनच राहिली. बाकीची सहा वाईट नव्हती, ती आवाजाच्या जोरावर उभी होती, आम्ही ती सोडून दिली आणि त्याचं दुःख चार दिवस राहिलं.

आता ताल. ड्रमसेट घ्यायला पैसे नव्हते, आम्ही एक कॅहोन घेतला, लाकडाची पेटी, तिच्यावर बसून वाजवायची. बरा वाजतो, उचलायला सोपा. पण खरा ताल गावातच होता. विदर्भात गावोगावी गुरुदेव सेवा मंडळाची भजनं आहेत, तुकडोजी महाराजांमुळं खंजिरी घराघरात पोहोचलेली आहे, आणि रोज संध्याकाळी ती आपल्या कानावर पडूनही कॉलेजच्या पाच वर्षांत मी एकदाही नीट ऐकली नव्हती. आमच्या गावच्या खंजिरीवाल्या बुवांना आम्ही प्रॅक्टिसला बोलावलं. ते अर्धा तास काहीच न वाजवता ऐकत बसले, मग कॅहोनकडं बोट करून म्हणाले, “तुमचा डबा वाजते चांगला बाबू, पण मंधात थांबत नाई. गान्याले दम तं घेऊ द्या.” मग त्यांनी भजनी ठेका धरला, आठ मात्रांचा, आणि जिथं आमचा पोट्टा किक मारत होता तिथं त्यांनी हात उचलला. तेवढंच केलं. गाणं वेगळंच झालं.

शिकताना असं करा. रॉकचा सरळ चारचा ठोका आणि केरवा किंवा भजनी ठेका हे एकमेकांवर सहज बसतात कारण आठ मात्रा म्हणजे चार ठोक्यांच्या आतच आहेत. दादरा, खेमटा हे सहाचे, ते सरळ चारवर बसवायला गेलात तर गाणं लंगडतं, तिथं गिटारचा हात पण सहाचा करा. सगळ्यात आधी फक्त टाळीवर म्हणा, वाद्याशिवाय. टाळी चुकली तर वाद्यानं ती दुरुस्त होत नाही.

खंजिरी किंवा डफ घ्यायचा झाला तर एवढं सांभाळा, झडीत कातडं ढिलं पडतं, वाजवायच्या आधी आगीजवळ लांबून शेका. उन्हाळ्यात उलटं, जास्त ताणतं, तेव्हा ओला हात फिरवा. आणि कोणी घोरपडीच्या कातड्याची देतो म्हटलं तर अजिबात घेऊ नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे, बकरीच्या कातड्याची चांगली वाजते.

पाचवं: गिटार आणि पेटी (हार्मोनियम) जुळवणं

नवीन पोरं इथं सगळ्यात जास्त अडकतात आणि कोणी सांगत नाही. बुवा म्हणतात काळी चार, आणि गिटारवाला त्यांच्या तोंडाकडं बघत बसतो. सरळ हिशोब आहे. पांढरी एक म्हणजे सी. काळी एक म्हणजे सी शार्प, तिथं गिटारच्या पहिल्या पट्टीवर (फ्रेटवर) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावून सी चा आकार धरा. काळी दोन, पहिल्या पट्टीवर कॅपो आणि डी चा आकार. काळी तीन, दुसऱ्या पट्टीवर कॅपो आणि ई. काळी चार, पहिल्यावर जी. काळी पाच, पहिल्यावर ए. हे कागदावर लिहून गिटारच्या केसमध्ये चिकटवून ठेवा.

दुसरं, गावची जुनी पेटी मोबाईलच्या ट्यूनरशी जुळेलच असं नाही, बहुतेक वेळा जराशी वर नाहीतर खाली असते. पेटीचे सूर तिथं बसल्या बसल्या बदलता येत नाहीत, गिटारचे येतात. म्हणून ट्यूनर बंद करा आणि गिटार पेटीवर लावा, बुवांना आधी सा धरायला सांगा मग प.

आणि कॉर्ड कमी वाजवा. आपल्या लोकगीताची चाल चार-पाच सुरात फिरते आणि गाणारी बाई ग कधी कोमल घेते कधी शुद्ध, कधी दोघांच्या मधात. तुम्ही मेजर किंवा मायनर कॉर्ड दाबली की त्या ग वर शिक्का बसतो आणि चाल मरते. फक्त सा आणि प वाजवा, ग सोडून द्या, तो गाणाऱ्याचा आहे. मला हे समजायला दोन वर्षं लागली, तुम्ही आजपासून करा.

सहावं: बोलीत लिहा

आम्ही कॉलेजमध्ये हिंदीत लिहायचो, एक-दोन इंग्रजीत. घरी मात्र “काय करून राह्यला बे” असं बोलतो. वऱ्हाडीत गाणं लिहिलं की लोक हसतील अशी भीती असते कारण आपली बोली टीव्हीवर विनोदापुरतीच ऐकलेली असते. पण आमच्याच भागात आई मेलेल्या माणसाचं रडणं पण याच बोलीत असतं, कर्जाचं बोलणं, पोरीला सासरी लावतानाचं बोलणं याच बोलीत असतं. गंभीर गाणं वऱ्हाडीत लिहा, लोक हसत नाहीत, मी बघितलं आहे.

गाण्यात तिचा फायदा पण आहे. वऱ्हाडीत ळ चा य होतो. “डोळे लावून बसलो आभाळाकडे” ही ओळ ताणून म्हणून बघा, ळ वर जीभ मागं वळते आणि सूर क्षणभर अडतो. आता “डोये लावून बसलो आभायाकडं” म्हणा, तोंड उघडंच राहते, सूर वाहत जातो. लिहायची पद्धत साधी ठेवा, आधी घटना बोलून दाखवा, जशी घरी सांगाल तशी, ती मोबाईलमध्ये रेकॉर्ड करा आणि मग त्यातूनच ओळी उचला. शब्दकोशातून आणलेला शब्द दिसला की काढा. तुम्ही भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडचे असाल तर तुमची झाडीबोली आहे, तिचा हेल वेगळा, आमच्या वऱ्हाडीची नक्कल करू नका.

सातवं: जुन्या माणसांकडं जा

पोळ्याला तोरणाखाली बैलं उभी राहिली की झडत्या म्हणतात, दोन बाजू एकमेकांना सवाल टाकतात, ते म्हणजे तालावर बोलणंच आहे. आमचं एक गाणं त्यावर बसलं आहे, अर्धं गायचं, अर्धं झडतीसारखं फेकायचं. भुलाबाईची गाणी भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत म्हणतात, ती आईला, आजीला, मावशीला येतात, पोरींनी जाऊन बसावं, पोरांना त्या नीट म्हणून दाखवत नाहीत. दंडार, खडी गंमत पूर्वेकडं आहे. मेळघाटात कोरकू लोकांचं नाच-गाणं आहे, गोंडांचा ढोल आहे.

पण घ्यायचं कसं, हे महत्त्वाचं. इंडियन ओशन या बँडच्या राहुल राम यांनी नर्मदाकाठचं गाणं बँडमध्ये आणलं ते नर्मदा बचाव आंदोलनात तिथल्या लोकांमध्ये वर्षानुवर्षं राहिल्यावर. आपण एका दुपारी मोबाईल घेऊन गेलो, रेकॉर्ड केलं आणि बीट टाकून सोडून दिलं, असं नको. तीनदा जा, पहिल्यांदा फक्त ऐका. गाण्याचा अर्थ विचारा, ते कोणत्या दिवशी म्हणतात आणि कोणत्या दिवशी म्हणत नाहीत ते विचारा. देवाचं किंवा मयतीचं गाणं स्टेजवर चालेल का हे त्याच माणसांना विचारा आणि नाही म्हटलं तर नाही. व्हिडिओखाली त्यांचं आणि गावाचं नाव त्यांना विचारून लिहा, आणि पैसे मिळाले तर त्यांचा वाटा.

आठवं: कापसाच्या खोलीत रेकॉर्डिंग

स्टुडिओचं भाडं नागपूर-अमरावतीला जाऊन परवडत नाही, आणि गरज पण नाही. दिवाळीनंतर आपल्याकडं घराघरात भाव येईपर्यंत कापूस भरून ठेवतात. त्या खोलीत एकदा टाळी वाजवून बघा, आवाज जागीच विरतो, अजिबात घुमत नाही. आमचे सगळे गळे तिथं रेकॉर्ड झाले. तीन बाजूला कापूस, माईक कापसाकडं पाठ करून नको, गाणाऱ्याच्या पाठीमागं कापूस येईल असा ठेवा, कारण माईक गाणाऱ्याकडं तोंड करून असतो आणि त्याला गाणाऱ्याच्या मागचा घुमारा ऐकू येतो. एक गोष्ट काटेकोर पाळा, त्या खोलीत बिडी-सिगारेट नाही, हॅलोजन नाही, उघडी वायर नाही, चार्जर पण बाहेर. घरच्यांचं वर्षाचं पीक आहे ते. कापूस विकला गेला की गाद्या आणि वाकळा टांगा. टिनाखाली रेकॉर्ड करू नका, उन्हात टिन कडकड करते आणि पावसात तर काहीच ऐकू येत नाही.

सामान म्हणजे दोन चॅनलचा ऑडिओ इंटरफेस (माईक-गिटार लॅपटॉपला जोडायचा डबा), एक डायनॅमिक माईक, कानावरचा बंद हेडफोन, जुना लॅपटॉप. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ऑडॅसिटी फुकट आहे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा, आवाजाचा काटा उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मधात, लाल व्हायला नको. आधी मेट्रोनोमवर, म्हणजे टिकटिक करत ताल मोजणाऱ्या अ‍ॅपवर, गिटार आणि कच्चा गळा घ्या, सुरुवातीला चार ठोके मोजून. ती फाईल पुण्याच्या पोरांना पाठवा, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ म्हणून पाठवली तर ती दाबली जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर ड्राईव्हवर टाका. त्यांनी आपला भाग शून्य सेकंदापासूनच सुरू होईल असा परत पाठवायचा, वाजवलं नसेल तिथं शांतता असू द्या, म्हणजे इथं एकाखाली एक ठेवले की बसतात. खंजिरी मात्र मेट्रोनोमवर घेऊ नका, बुवांना जमत नाही असं नाही, पण तो दम घेणारा हात निघून जाते. सगळे एकत्र बसा आणि बुवांच्या हातावर बाकीचे चाला.

झालं की तीन ठिकाणी ऐका, हेडफोनवर, साध्या मोबाईलवर आणि ट्रॅक्टरच्या टेपवर. मोबाईलच्या स्पीकरला खालचा बेस ऐकूच येत नाही, त्यामुळं गाणं फक्त बेसवर चालत असेल तर अर्ध्या लोकांपर्यंत पोहोचणार नाही. ट्रॅक्टरवर शब्द कळले म्हणजे मिक्सिंग जमलं.

नववं: हक्काचं समजून घ्या

आपल्या देशात कवी किंवा संगीतकार गेल्यावर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क चालतात. तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या रचनांचे हक्क २०२८ च्या शेवटापर्यंत. सुरेश भट २००३ मध्ये, वामनदादा कर्डक २००४ मध्ये, म्हणजे अजून खूप वर्षं. भीमगीतं आणि भजनं लोकांच्या तोंडी आहेत म्हणून ती लोकगीतं होत नाहीत, बहुतेकांना कवी आहे, आधी कवी शोधा आणि परवानगी घ्या. खरी पारंपरिक चाल सगळ्यांची, पण कोणा कंपनीनं केलेलं तिचं रेकॉर्डिंग त्या कंपनीचं, त्यातला तुकडा कापून घेऊ नका, पुन्हा गा. स्वतःची गाणी झाली की शब्द-चाल करणाऱ्यांनी आयपीआरएसचं सभासद व्हायचं, ही गीतकार-संगीतकारांची संस्था १९६९ पासून आहे आणि रॉयल्टी तिच्यामार्फत येते. यूट्यूबवर जाहिरातीचा पैसा सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४,००० तासांचं बघणं लागतं, त्याच्या भरवशावर गिटार हप्त्यावर घेऊ नका.

दहावं: स्टेज

गावाकडं साऊंडवाला डीजेच्या सवयीचा असतो, त्याच्यावर चिडू नका, दोन तास आधी जा आणि त्याच्यासोबत चहा घ्या. त्याला तीन गोष्टी सांगा, गळा सगळ्यात वर, बेस अर्धा, आणि एक स्पीकर आमच्याकडं तोंड करून. शिट्टी वाजायला लागली की माईक स्पीकरच्या मागं घ्या. गिटारसाठी आपला स्वतःचा डीआय बॉक्स (गिटार थेट मिक्सरला जोडायची डबी) न्या, घरघर जाते.

करंटचं फार सांभाळा. माईकला ओठ लागला आणि झटका बसला असं आमच्यासोबत झालं आहे. आधी टेस्टर लावून बघा, माईकला आणि गिटारच्या तारेला पण. सगळं सामान एकाच बोर्डावरून चालवा, अर्थिंग नसेल तर साऊंडवाल्याला करायला लावा आणि ते होईपर्यंत कोणी माईक धरू नका, लोक कितीही ओरडले तरी. रब्बीत मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडते, तेव्हा जनरेटरचं आधीच विचारून ठेवा.

वेळेचं पण आहे, २००० च्या ध्वनी नियमाप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद. ठराविक दिवशी सरकार १२ पर्यंत सूट देते, वर्षातून १५ दिवसांच्या वर नाही. म्हणून सातला सुरू करा, आयोजकाकडून परवानगीचा कागद बघून घ्या. नाटकाकडं जायचं असेल, म्हणजे वडसा-देसाईगंजकडची झाडीपट्टी, तर तिथं दिवाळीनंतर हंगाम असतो आणि नाटकाला वाजवणारे जिवंत लागतात, ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड. तुमच्यातल्या एखाद्यानं एक हंगाम तिथं केला तर रात्रभर वाजवायचा दम आणि नटाच्या श्वासावर थांबायची सवय दोन्ही घेऊन परत येईल.

शेवटचं: पहिला कार्यक्रम

आपल्याच गावात करा, कोजागिरीला किंवा शाळेच्या गॅदरिंगला. गाणी आठच ठेवा. पहिलं हळू आणि लोकांना येणारं, नवीन गाणं तिसऱ्या जागी, कारण पहिल्या दोनात लोक बसतात. पुण्याची पोरं आली असतील तर त्यांना शेवटच्या तीन गाण्यांत घ्या, पहिली पाच उरलेल्यांनीच म्हणायची, त्याशिवाय तुमचा आवाज तुम्हालाच कळणार नाही. मधात एक गाणं वाद्याशिवाय, फक्त टाळीवर.

पैशाचा हिशोब स्टेजवरून उतरल्यावर लगेच. आम्हाला एकदा ८,००० मिळाले, साऊंडचे २,५०० आणि गाडीचे १,२०० गेले, उरले ४,३००. आम्ही तिघं आणि बुवा असे चार वाटे, पाचवा वाटा बँडच्या डब्यात तारा आणि केबलसाठी, प्रत्येकी ८६०. बुवा म्हणाले, “मले नको बाबू, मी तं देवाचं वाजवतो.” त्यांना सांगा की हे देवाचं नाही, हे कामाचं आहे, आणि त्यांचे पैसे त्याच रात्री, त्यांच्या हातात द्या.